आमची वाटचाल: बफर ते सीरम

कंपनी सुरू केली तेव्हा आम्ही तिघं होतो आणि आमच्याकडे प्रथिन ओळखणाऱ्या चिपचा एक आलेख होता. निम्मं भांडवल त्या आलेखावरच उभं राहिलं, हे आज सांगायला हरकत नाही. सिलिकॉनच्या नॅनोतारेवर, म्हणजे अतिशय बारीक तारेवर, ठरावीक प्रथिन पकडणारी अँटिबॉडी बसवायची. हवं ते प्रथिन तिला चिकटलं की त्याच्या विद्युतभारामुळे तारेतला प्रवाह बदलतो. रंगद्रव्य लागत नाही, सूक्ष्मदर्शकही नाही. कल्पना आमची नव्हे. आयन ओळखणारा ट्रान्झिस्टर पीट बर्गफेल्ड यांनी १९७० मध्येच मांडला होता आणि नॅनोतारेवरचा प्रयोग हार्वर्डमध्ये चार्ल्स लीबर यांच्या गटानं २००१ मध्ये केला. आमचाही प्रवाह पायरीसारखा सुरेख चढायचा. बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या स्वच्छ द्रावणात.

मग पहिल्यांदा सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, घातलं. रेघ सपाट! आठवडाभर चिपा बदलल्या, जोडण्या तपासल्या, एकमेकांवर खेकसलो. दोष चिपमध्ये नव्हताच. सीरममधल्या क्षारांचे आयन प्रथिनाचा भार झाकून टाकतात. तिथे त्या भाराचा प्रभाव जेमतेम ०.७ नॅनोमीटर पोचतो आणि अँटिबॉडीच असते १० नॅनोमीटरच्या आसपास. पाहुणा ओसरीवर बसलाय, आत कुणाला पत्ता नाही, असा प्रकार. आपला बफर खूप पातळ, म्हणजे अगदी कमी क्षारांचा, आहे हे आम्हाला ठाऊक होतं, फक्त त्याचा अर्थ लक्षात आला नव्हता.

उपाय इतका साधा निघाला की लाज वाटली. चिकटू द्यायचं सीरममध्ये, मग धुवायचं आणि मोजायचं पातळ बफरमध्ये. वेळ वाढला, त्यामुळे माहितीपत्रकातले ‘झटपट निकाल’ हे शब्द खोडले.

अल्ब्युमिनचं, म्हणजे रक्तातल्या सगळ्यात मुबलक प्रथिनाचं, दुखणं वेगळं. लिटरभर रक्तद्रवात ते ३५ ते ५० ग्रॅम असतं, आम्ही शोधतो ते प्रथिन नॅनोग्रॅममध्ये. शिवाय अल्ब्युमिन दिसेल तिथे चिकटतं. प्रथिनांना सहसा चिकटू न देणाऱ्या पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा थर दिल्यावर बरंच आवरलं. पण खरी कामाला आली ती ‘कोरी तार’: प्रत्येक चिपवर एक तार ती अँटिबॉडी न लावता ठेवायची आणि दोन तारांमधला फरक तेवढा धरायचा. काहीही न चिकटता प्रवाह आपोआप सरकत राहतो, तेही तिच्यामुळेच कळतं.

रोगनिदानाचं यंत्र आम्ही अजून विकत नाही. संशोधन प्रयोगशाळांना चिपा देतो, त्यावर घर चालतं. प्रत्येक खोक्यात त्या खेपेचे दोन आलेख असतात, एक बफरमधला आणि एक सीरममधला. दुसरा तितका देखणा नसतो. फोन मात्र त्याच्याबद्दलच येतात.