गडांच्या संकेतस्थळावरील सवयीनुसार बदलणारी पट्टी: आतापर्यंतची प्रगती

सह्याद्रीतील गडांची माहिती देणाऱ्या माझ्या छोट्या संकेतस्थळावर वाचकाच्या वावरानुसार बदलणारे दुवे देण्याचे काम आता वापरण्याजोगे झाले आहे. मुख्य मेनूला मात्र मी हात लावलेला नाही. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००० मध्ये क्वचित लागणाऱ्या आज्ञा मेनूतून आपोआप दडवण्याची सोय दिली होती, आणि नेमकी हवी ती आज्ञा शोधताना किती चिडचिड होत असे, हे ती वापरलेल्यांना आठवत असेल. त्याऐवजी सीअर्स आणि श्नायडरमन या संगणक-वापराच्या अभ्यासकांनी १९९४ साली मांडलेल्या दुभंगलेल्या मेनूची (जास्त लागणारे पर्याय वर वेगळे काढायचे, बाकीचे खाली जागच्या जागी ठेवायचे) कल्पना मी उचलली. जिल्हे, डोंगररांगा, वाटा, पाणी आणि मुक्काम हे विभाग आपापल्या जागी कायम राहतात व त्यांच्या वर तीन दुव्यांची पट्टी येते. वर आलेला दुवा खालीही असतोच.

पट्टीत कोणते विभाग यावेत हे गुणांवरून ठरते, आणि खरा विचार हे गुण देण्याच्या पद्धतीवर करावा लागला. प्रत्येक भेटीला एक गुण मिळतो आणि दर १४ दिवसांनी तो निम्मा होतो. त्यामुळे चार आठवड्यांपूर्वीच्या तीन भेटींचे मिळून ०.७५ गुण उरतात आणि आजची एकच भेट त्यांच्यावर मात करते. सगळा इतिहास साठवण्याची गरज पडत नाही. दर विभागामागे गुण आणि शेवटच्या भेटीची वेळ एवढे दोनच आकडे वाचकाच्या ब्राउझरमध्येच, लोकलस्टोरेज नावाच्या साठवणीच्या जागेत राहतात आणि सर्व्हरकडे काहीही जात नाही. पान उघडून लगेच मागे फिरलेल्या वाचकाची भेट मोजली जात नाही. पट्टीतूनच उघडलेल्या पानाला अर्धाच गुण दिला आहे, कारण जे समोर दिसते तेच दाबले जाते आणि जे दाबले जाते तेच समोर राहते, हे चक्र कुठेतरी तोडायलाच हवे.

एक गोष्ट मी जाणूनबुजून सवयीवर सोडलेली नाही. हरिश्चंद्रगडाला पाचनईकडून सोपी वाट आहे, तर नळीची वाट खड्या कातळातून चढते. तिच्या पानावरील धोक्याची सूचना वाचकाने कितीही वेळा पाहिली असली तरी तिथेच राहते.

पट्टी भरताना पान खाली सरकत असे, म्हणून तिची उंची आता आधीच राखून ठेवली आहे. ॲपलच्या सफारी ब्राउझरचा प्रश्न मात्र बाकी आहे. सफारीच्या वापराचे सात दिवस वाचक संकेतस्थळावर फिरकला नाही, तर स्क्रिप्टने साठवलेली माहिती २०२० पासून हा ब्राउझर पुसून टाकतो, आणि महिन्यातून एखादाच ट्रेक करणाऱ्याच्या बाबतीत माझा १४ दिवसांचा हिशेब तिथेच निरर्थक ठरतो. संकेतस्थळ होम स्क्रीनवर घेतल्यास ही मर्यादा लागू होत नाही, पण तीन दुव्यांसाठी एवढा खटाटोप कोण करणार? तूर्त अशा वाचकांना पट्टीत ऋतूनुसार मी निवडलेले दुवे दिसतात.