हर्णैच्या पडावात दोन वर्षं

बरेच दिवसांनी लिहितेय. कादंबरीची प्रूफं परवा कुरिअरने पुण्याला रवाना केली, दापोलीहून परत येताना एसटीत खिडकीशी बसले आणि पहिल्यांदा जाणवलं की आता हातात काहीच नाहीये, म्हणजे खरंच काहीच नाही. गेली सहा वर्षं डोक्यात सतत एक बोट उभी होती ती आता निघून गेली. घरी येऊन चहा टाकला आणि ठरवलं की हे सगळं कसं झालं ते विसरायच्या आत लिहून ठेवायचं.

बरेचजण मेसेज करून विचारतात, तुम्ही रोज लिहिता का, सकाळी लिहिता की रात्री. खरं सांगायचं तर आमच्याकडे लिहिण्याचं वेळापत्रक आंबा ठरवतो. दिवाळीनंतर मोहोराची वाट बघायची, मग फवारण्या, मग तुडतुडे आले की थ्रिप्स आले याची काळजी, मार्चच्या मध्यापासून काढणी, पेट्या भरणं, गवत अंथरणं, ट्रान्सपोर्टवाल्याला फोन, आणि त्याच दिवसांत मुलांच्या परीक्षा संपल्या की होमस्टेला माणसं. एप्रिल-मे मध्ये मी एक ओळ लिहीत नाही. पंधरा माणसांचा स्वयंपाक झाल्यावर रात्री वही उघडून बघितलीये, अक्षरं लागत नाहीत. मग आगोट, म्हणजे पावसाआधीची तयारी, येते. शाकारणी होते, पडवीला झापं लागतात, सुकी मासळी, कडधान्यं, लाकडं आत येतात, १ जूनला मासेमारी बंद होते आणि हर्णै बंदर एकदम गप्प होतं. तिथून गणपतीपर्यंतचे दिवस माझे. लाईट असते नसते, नेटवर्क तर गच्चीत छत्री घेऊन उभं राहिलं तरच, पण पागोळ्यांचा तो एकसुरी आवाज सुरू झाला की माझं वाक्य आपोआप सुरू होतं. हे वर्षानुवर्षं असंच आहे. कुणी म्हणेल वर्षाचे तीन महिने लिहून काय होणार, पण उरलेले नऊ महिने डोक्यात चालूच असतं ना.

आता कादंबरीबद्दल. नाव अजून पक्कं व्हायचंय त्यामुळे सांगत नाही. विषय बोटीच्या दिवसांचा आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती २६ जानेवारी १९९८ ला. त्याच्या कितीतरी आधी, रस्तेही धड नव्हते तेव्हा, मुंबईला जायचं म्हणजे बोट. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी करत करत पार वेंगुर्ल्यापर्यंत. पावसाळ्यात बंद. आणि हर्णैला बोट काठाला लागायचीच नाही, लांब सुवर्णदुर्गाच्या बाजूला समुद्रात उभी राहायची. तिथून पडावात, म्हणजे माल आणि उतारू काठाला नेणाऱ्या नावेत उतरायचं, पडाव काठाजवळ आला की शेवटचं गुडघाभर पाण्यातलं अंतर खलाशी खांद्यावरून नेणार. चाकरमानी, बाळंतपणाला आलेल्या लेकीसुना, ट्रंका, सगळं असंच उतरायचं.

माझी कादंबरी अशाच उतरण्याने सुरू होते. एक बाई, कडेवर पोर, मुंबईहून नवऱ्याला न सांगता आलेली. बास, एवढंच चित्र मला दिसलं होतं. आणि तिथेच मी दोन वर्षं अडले.

पुढचं सगळं माहीत होतं हो. ती घरी गेल्यावर काय होणार, दिराशी काय भांडण, आगराच्या, म्हणजे नारळ-पोफळीच्या जमिनीच्या वाटणीचं काय, सगळं. पण ती शिडीवरून पडावात पाय टाकते ते मी लिहायला गेले की खोटं व्हायचं. समुद्र निळा व्हायचा, वारा सुटायचा, बाई डोळे मिटायची. मी अकरा वेळा लिहिलं ते प्रकरण. वाचून दाखवलं की घरचे म्हणायचे छान आहे. छान होतं म्हणूनच मला नको होतं.

त्यात ३ जून २०२० आलं. निसर्ग वादळाचा तो दिवस आमच्याकडे कुणी विसरणार नाही. आगरात चाळीस-पन्नास पोफळी आणि नारळाची निम्मी झाडं चार तासांत आडवी, घरावरची कौलं पत्त्यांसारखी उडाली, आणि माझं लिहायचं टेबल नेमकं जिथे वरून पाणी आलं तिथे. दोन वह्या भिजून लगदा झाल्या. आम्ही आठवडाभर नुसती झाडं कापत होतो, लाईट तर कितीतरी दिवस नव्हती. एका संध्याकाळी चुलीवर भात शिजत होता आणि मी चुलीच्या कडेला वहीची पानं एकेक करून सुकवत होते, शाई पसरलेली, आणि आमच्या आत्येसासूबाई ओट्यावर बसून ते बघत होत्या. त्यांना आम्ही सगळे आत्याच म्हणतो. वय ऐंशीच्या आसपास. त्यांनी विचारलं, "अगो, काय आहे गो त्यात एवढं?"

मी म्हटलं, आत्या, बोट आहे. हर्णैची बोट.

त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग मला नाही होय विचारायचं?"

सहा महिने मी १८८० चं रत्नागिरी-सावंतवाडीचं गॅझेटिअर मोबाइलवर झूम करून वाचत होते, डिक्शनरी शेजारी घेऊन. बंदरात काय माल यायचा, कुठल्या महिन्यात काय. ते उपयोगाचं होतंच, नाही असं नाही. पण बोटीतून उतरलेली बाई माझ्या घरात रोज माझ्याबरोबर तांदूळ निवडत होती आणि मी तिला विचारलं नव्हतं.

त्या रात्री आत्यांनी सांगितलं ते असं. शिडीवर उभं राहिलं की पडाव खाली जातो आणि वर येतो. नवखी माणसं पडाव खाली असताना पाय सोडतात आणि मग लोंबकळतात. पाय टाकायचा तो पडाव वर येत असताना. खलाशी ओरडतो "टाक!" आणि त्याच क्षणी टाकायचा, विचार करायचा नाही. समुद्राचा वास नाही येत तेव्हा, वास येतो तो भिजलेल्या सुंभाचा आणि शेजारच्या ओकणाऱ्या माणसांचा. आणि सगळ्यात आधी सामान द्यायचं की पोर द्यायचं हे आपलं आपण ठरवायचं, कारण दोन हात असतात आणि एक हात शिडीला.

"मी आधी गाठोडं दिलं," आत्या म्हणाल्या. "मग पोर दिलं."

मी विचारलं, का हो?

"सासूबाईंचं औषध होतं त्यात. मुंबईचं. ते पडलं असतं तर घरात काय तोंड दाखवणार होत्ये?" मग बऱ्याच वेळाने, भात उतरवून झाल्यावर, म्हणाल्या, "पण पोर मागे ठेवलं ना मी. खलाश्यानेपण बघितलं माझ्याकडे."

त्या पोराची आता साठी उलटून गेलीये, ठाण्याला असतात, गणपतीला येतात. आत्यांनी त्यांना हे कधीच सांगितलेलं नाही.

मी ते प्रकरण त्या आठवड्यात लिहिलं, वाऱ्याने पडलेल्या पोफळीच्या खोडावर बसून, बिलाच्या पाठकोऱ्या कागदांवर. समुद्राचा रंग कुठेच नाही त्यात. आधी आत्यांना विचारलं की हे घेऊ का, तुमचं नाव नाही घालणार. त्या दोन दिवस काही बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या घे.

मधल्या काळात खूपजणांनी सुचवलं की रामदास बोट घ्या ना कादंबरीत. १७ जुलै १९४७ ला, अमावस्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. मलाही मोह झाला. पण मग कादंबरी त्या अपघाताची झाली असती आणि माझी बाई त्यात वाहून गेली असती. मला सुखरूप पोचलेल्या बाईचंच लिहायचं होतं. जे पोचले त्यांच्यावर काय गुदरलं ते कुणी लिहीत नाही.

वाचनाचं म्हणाल तर या काळात मी परत श्री. ना. पेंडसेंकडे गेले. मुर्डी त्यांचं गाव, आमच्या आंजर्ल्याला लागूनच, शाळेत असताना आम्ही चालत जायचो तिकडे. ते लहानपणीच मुंबईला गेले, बेस्टमध्ये नोकरी केली आणि तिथे बसून हर्णै-दापोलीची माणसं लिहिली याचं मला अजून नवल वाटतं. 'रथचक्र' मी चौथ्यांदा वाचली. १९६३ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे तिला, पण मला त्यातली गोष्ट भिडते ती ही की त्या बाईला नावच नाही, नुसती 'ती'. एकत्र कुटुंबातून मुलांच्या शिक्षणासाठी बाहेर पडलेली 'ती'. कोकण म्हटलं की लोकांना माड आणि लाटा हव्या असतात, पेंडसेंकडे माणसं भांडतात, हेवेदावे करतात, पैशाचा हिशेब करतात. आमच्या पाखाडीला हेच चालतं. आणि चिं. त्र्यं. खानोलकर. 'कोंडुरा' मी एकटी असताना रात्री वाचत नाही, वाचूच शकत नाही. कुडाळला खाणावळ चालवत असतानाही हा माणूस कविता करायचा हे कळल्यापासून होमस्टेच्या भांड्यांचा ढीग समोर असला तरी मी वही उघडते.

लहानपणी मात्र मी यातलं काही वाचत नव्हते. गावच्या वाचनालयात एक काचेचं कपाट होतं, त्यात बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा, मी सुट्टीत दिवसाला दोन संपवायचे. पान उलटायला लावणं म्हणजे काय ते मी तिथे शिकले. आजही एखादं प्रकरण रेंगाळलं की मला ते कपाट आठवतं.

वाचनालयांचं काय होतंय ते बघून मात्र जीव तुटतो. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं, २००५ ला तिथे पाणी शिरलं आणि मग २२ जुलै २०२१ ला परत. पुरानंतर चिपळूणला गेले होते तेव्हा बाजारभर चिखल, प्रत्येक दुकानाबाहेर सामानाचे ढीग, आणि भिजलेल्या पुस्तकांचा तो आंबूस वास मला माझ्या वह्यांमुळे लगेच ओळखू आला. फरक एवढाच की माझं मी परत लिहू शकत होते. तिथली माणसं परत उभी राहिली, पुस्तकं गोळा केली, हे मी फार मोठं काम मानते.

प्रूफांबद्दल एक सांगायचंच आहे. पहिली प्रूफं आली तर 'पडाव' चं सगळीकडे 'होडी' झालेलं, 'खळं' चं 'अंगण', 'आगर' चं 'बाग'. तपासणाऱ्याने मनापासून केलं होतं, वाचकाला कळावं म्हणून. मी फोनवर तासभर बोलले. होडीत माणसं मासे धरायला जातात, पडावात माल आणि उतारू येतात. खळं म्हणजे शेणाने सारवलेलं, जिथे भात झोडतात आणि रात्री माणसं निजतात, त्याला अंगण म्हटलं की माझी बाई दुसऱ्याच घरात जाऊन पडते. सगळे शब्द परत घेतले, तळटीप एकही दिली नाही. वाचणाऱ्याला दहा पानांत कळतं, माझा विश्वास आहे.

पुस्तक दिवाळीच्या सुमारास येईल, पाचशे प्रती. पुढचं काही डोक्यात आहे पण ते पुढच्या आगोटीला.

प्रूफं पाठवायच्या आदल्या रात्री आत्यांना ते पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. त्यांना आता डोळ्यांनी नीट दिसत नाही. पूर्ण ऐकून घेतलं, मधे एकदाही हुंकार नाही. संपल्यावर म्हणाल्या, "गाठोडं तांबड्या फडक्याचं होतं. तू पांढरं लिहिलंयस."

मी पेन घेतलं आणि पांढरं खोडून तांबडं केलं.