गॅरेजातलं विमान आणि चारचौघांचे डोळे

आमच्या क्लबात यायला पायलट असावं लागत नाही, इंजिनिअर असावं लागत नाही, स्वतःचं विमान असण्याचीही अट नाही. एकच पथ्य आहे. आपल्या कामात कुणी खोट काढली तर तोंड पाडून बसायचं नाही.

इलिनॉयमध्ये, पिओरियापासून तासाभरावर, मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांमध्ये आमचं छोटं विमानतळ आहे. कंट्रोल टॉवर नाही, तिकीटखिडकी नाही, एक धावपट्टी आणि विमानं ठेवायच्या पत्र्याच्या हँगरांची रांग. महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी तिथे घरी विमान बांधणाऱ्यांची बैठक भरते. हे सांगितलं की पुण्याहून फोनवर प्रश्न ठरलेला: "म्हणजे रिमोटवरची?" नाही. आत माणसं बसतात ती. बहुतेक विमानं दोन जणांची, क्वचित चार.

इथे कायद्यानं कुणालाही स्वतःचं विमान बांधता येतं. अट अशी की विमानाच्या कामाचा मोठा वाटा (बोलताना सगळे '५१ टक्के' म्हणतात) हौशी माणसांनी, शिकण्यासाठी किंवा हौसेखातर, स्वतः केलेला हवा. पैसे देऊन कारागिरांकडून अख्खं विमान करून घेतलं आणि 'मी बांधलं' म्हटलं, असं चालत नाही. म्हणून मंडळी कामाची वही ठेवतात. कोणत्या तारखेला काय केलं, किती तास केलं, आणि स्वतः हातात ड्रिल धरल्याचे फोटो. सगळं झालं की एफएएचा, म्हणजे इथल्या विमान वाहतूक प्रशासनाचा माणूस किंवा त्यांनी नेमलेला प्रतिनिधी येतो, कागद बघतो, विमान बघतो आणि प्रमाणपत्र देतो. दाराजवळ निदान दोन इंच उंच अक्षरांत 'एक्सपेरिमेंटल' लिहायचं. आत पाटी लावायची, की हे विमान हौशी माणसानं बांधलेलं आहे आणि नेहमीच्या विमानांसाठीच्या सरकारी सुरक्षा नियमांत बसत नाही. ही पाटी बसणाऱ्याच्या नजरेसमोर लागते, कुठे कोपऱ्यात नाही!

पण विमानाच्या अंगावर पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्यांसारखे हजारो रिव्हेट असतात आणि सरकारी माणूस काही एकेक रिव्हेट मोजत बसत नाही. मग ते बघतं कोण? माझ्या मते या क्लबाचं खरं काम हेच. उडणं वगैरे नंतरची गोष्ट.

क्लब एका मोठ्या संघटनेचा आहे: एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन, सगळ्यांच्या तोंडी 'ईएए'. पॉल पोबरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकीजवळ ती सुरू केली. तिच्या शाखांना चॅप्टर म्हणतात आणि असे शेकडो चॅप्टर आहेत. पहिला निघाला कॅलिफोर्नियात, रिव्हरसाइडच्या फ्लॅबॉब विमानतळावर. आमच्यासारख्या चॅप्टरकडे एक हँगर असतो, थोडी हत्यारं सामाईक असतात आणि पॅनकेक भाजायचा एक भलामोठा तवा असतो. पॅनकेकांबद्दल मी काही लिहीत नाही. कॉफीबद्दल तर नकोच.

एकदा मी तिथे कॅप्टन अमोल यादव यांचे फोटो दाखवले. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे, २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते बीकेसीत मांडणारे आणि बऱ्याच खटपटीनंतर २०१७ मध्ये त्याची नोंदणी मिळवणारे. मला वाटलं होतं, गच्ची बघून लोक थक्क होतील. थक्क झालेही, पण पहिला प्रश्न आला, "खाली कसं उतरवलं?" गॅरेजात विमान बांधणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात दाराची रुंदी पक्की बसलेली असते. दुसरा प्रश्न जास्त मुद्द्याचा होता. "त्याचं काम बघायला कोण यायचं?"

इथे येतात ते टेक्निकल काउन्सेलर. स्वतः विमान बांधलेले, संघटनेनं नेमलेले स्वयंसेवक. पैसे घेत नाहीत. आमचे काउन्सेलर म्हणजे शेती मुलाकडे सोपवलेले एक आजोबा आहेत. शर्टाच्या खिशात टॉर्च, दांडीला लावलेला छोटा आरसा आणि पेन्सिल. एखादी गोष्ट चुकलेली दिसली तरी 'चूक' हा शब्द ते काढत नाहीत. तिथे पेन्सिलीनं बारीक गोल करतात आणि विचारतात, "इथे तुझं काय ठरलं होतं?" भलेभले इंजिनिअर या प्रश्नाला चाचरतात. आजोबांना सही करायची नसते, परवानगी द्यायची नसते. त्यांचं कुणी ऐकलंच पाहिजे असंही नाही. तरी सगळे ऐकतात.

माझा या सगळ्यात शिरकाव झाला तो बारीक हातामुळे. आमच्या शेजारचं जोडपं गॅरेजात आरव्ही नावाचं विमान बांधतंय. ओरेगनच्या व्हॅन्स कंपनीची ही किट, घरी बांधायच्या विमानांमध्ये बहुधा सगळ्यांत लोकप्रिय. अॅल्युमिनियमचे पत्रे कापून, बरीचशी भोकं पाडून खोक्यांतून येतात. ते जोडायला दीड-दोन हजार तास लागतात आणि इंजिन-उपकरणं धरून खर्च लाख डॉलरच्या घरात जातो. त्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात, लाकूड आणि कापड वापरून बांधणारेही आहेत. आमच्याकडे एक गृहस्थ पिटनपोल नावाचं विमान बांधतायत. १९२९ सालचा आराखडा, मुळात फोर्डच्या मोटारीच्या इंजिनावर उडणारं विमान. त्यांची घाई संपलेली आहे.

तर रिव्हेट. पत्र्याच्या एका बाजूनं हवेवर चालणारी गन ठोके मारते आणि दुसऱ्या बाजूनं कुणीतरी पोलादाचा गुळगुळीत ठोकळा दाबून धरतं. त्याला बकिंग बार म्हणतात. रिव्हेटची दांडी त्या ठोकळ्यावर चेपून आतल्या बाजूला डोकं तयार होतं. ते डोकं दांडीच्या व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच हवं. कमी चेपलं तर पकड नाही, जास्त चेपलं तर धातू कमकुवत. पंखाच्या आत, अडचणीच्या जागी तो ठोकळा धरायला माझा हात बरोबर जातो. कानावर मफ, खांद्यापर्यंत हात पंखात आणि पलीकडून गनचा थरथराट. बोललेलं काही ऐकू येत नाही, म्हणून पत्र्यावर टिचकीच्या खुणा ठरवून घ्यायच्या. एक टिचकी म्हणजे मार. दोन म्हणजे झालं. तीन म्हणजे थांब, काहीतरी बिनसलं.

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा आले होते. बाबा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झाले. बसच्या बॉडीवर अॅल्युमिनियमचे पत्रे बसवण्यात त्यांची हयात गेली. त्यांना शेजाऱ्याच्या गॅरेजात नेलं तेव्हा आधी त्यांनी चष्मा पुसला. मग शेपटीच्या कडेनं, रिव्हेटच्या रांगेवरून, अंगठा फिरवत सावकाश चालू लागले. मध्येच थांबले. खिशातून किराणा दुकानाची पावती काढली, तिचा कोपरा एका रिव्हेटच्या डोक्याखाली सारला. गेला.

"अगं, त्याला सांग, हा बसलेला नाही. कागद जातोय."

मी सांगितलं. शेजारी खाली वाकला, पावती स्वतः सारून बघितली, आणि हसत ड्रिल आणायला गेला. रिव्हेट काढायचा म्हणजे डोक्याच्या बरोबर मध्यावर ड्रिल धरायचं, नाहीतर भोक मोठं होतं आणि पुढचा साइज घालावा लागतो. बाबा शेजारी उभं राहून हातानं "हळू, हळू" करत होते. नंतर शनिवारी क्लबात त्यांची आणि पेन्सिलवाल्या आजोबांची गाठ पडली. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याचं इंग्रजी कामापुरतं. दोघं सकाळभर एका अर्धवट पंखाभोवती फिरत होते. आईला मात्र ती पाटी वाचून दाखवल्यावर तिनं विमानात बसायचा विषय कायमचा बंद केला.

मुलांच्या आयांना पाटीचं इतकं भय वाटत नाही, असं 'यंग ईगल्स'च्या दिवशी दिसतं. १९९२ पासून ईएए ८ ते १७ वयाच्या मुलांना फुकट फेरी मारून आणते. पालकांची सही लागते, इंधन पायलटच्या खिशातून. आजवर वीस लाखांहून जास्त मुलं अशी उडाली आहेत. आमच्याकडे त्या दिवशी धावपट्टीच्या कुंपणापाशी खुर्च्या मांडून गाव लोटतं. माझं काम नावं लिहून घेण्याचं.

टीका ऐकायची सवय नसेल तर काय होतं, याचं एक उदाहरण क्लबात वारंवार निघतं. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात माँटेरे उपसागरावर विमान पडून गेला. विमान होतं विमानरचनाकार बर्ट रुटान यांच्या आराखड्याचं लाँग-ईझी, दुसऱ्या कुणीतरी बांधलेलं आणि डेन्व्हरच्या हाती नुकतंच आलेलं. आराखड्यात इंधनाच्या टाक्या बदलण्याची कळ पायलटच्या समोर, पायांच्या मध्ये आहे. बांधणाऱ्यानं ती डाव्या खांद्याच्या मागे बसवली होती. ती फिरवायची तर मागे वळायला हवं, आणि वळताना पाय रडरवर, म्हणजे शेपटीच्या सुकाणूच्या पेडलवर, दाबला जाण्याची शक्यता. चौकशीत हेच पुढे आलं. आराखड्यातली जागा बदलायला कायद्यानं बंदी नाही. बांधणाऱ्याचं विमान, बांधणाऱ्याची मर्जी. म्हणूनच आमच्याकडे कुणी "मी यात थोडा बदल केलाय" म्हणालं की चार खुर्च्या आपोआप पुढे सरकतात.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं २०१२ मध्ये अशा विमानांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की धोका सुरुवातीच्या उड्डाणांमध्ये एकवटलेला असतो. विमान नवं असताना, आणि नंतर ते दुसऱ्या मालकाकडे गेल्यावरही. इंजिन बंद पडणं आणि विमानावरचा ताबा सुटणं ही ठळक कारणं. त्यामुळे आता पहिल्या उड्डाणाआधी क्लबाचा जोर लागतो.

त्यातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे वजन. तीन चाकांखाली तीन काटे ठेवतात, विमान लेव्हलमध्ये आणतात, हँगरची दारं बंद करतात, कारण वाऱ्याची झुळूकही आकडे हलवते. आधी सगळ्यांनी चिठ्ठीवर आपापला अंदाज लिहायचा. बांधणाऱ्याचा अंदाज बहुतेक वेळा सगळ्यांत कमी असतो; रंगाला वजन असतं हे कुणाला पटतच नाही. मग प्रत्येक चाकावरचं वजन आणि ठरावीक रेषेपासूनचं अंतर यांचा गुणाकार, बेरीज, भागाकार, आणि गुरुत्वमध्य मिळतो. तो मर्यादेपेक्षा मागे गेला तर स्टॉल झाल्यावर, म्हणजे पंखांची उचल सुटल्यावर, नाक खाली आणणं कठीण. हा हिशेब तीन वेगवेगळी माणसं, एकमेकांच्या वहीत न बघता करतात. उत्तरं जुळली की पॅनकेक.

जुलैच्या शेवटी सगळे ऑश्कॉशला जातात. विस्कॉन्सिनमधलं हे गाव आमच्यापासून गाडीनं चार-पाच तासांवर. १९७० पासून संघटनेचा वार्षिक मेळावा तिथे भरतो. त्या आठवड्यात तिथला टॉवर जगातला सर्वांत गजबजलेला असतो, दहा हजारांच्या आसपास विमानं येतात. रिपन गावापासून रेल्वेच्या रुळांवरून एकामागे एक यायचं, फिस्क गावापाशी शेतात उभे असलेले कंट्रोलर खालून विमान ओळखून हाक देतात आणि पायलटनं रेडिओवर न बोलता नुसते पंख हलवायचे. धावपट्टीवर रंगीत ठिपके, ज्याला जो सांगितला त्यावर उतरायचं. बघायला मौज आहे, पण गर्दी, ऊन आणि रांगा हे सगळंही आहे. मला आमचा शनिवारच बरा वाटतो.

यंदा वसंतात क्लबातलं एक विमान पहिल्यांदा उडालं. आमच्या शेजाऱ्याचं नव्हे, त्याच्याकडे अजून इंजिनच आलेलं नाही. हे एका शाळामास्तरांचं. आदल्या आठवड्यात सगळी झाकणं काढून पाचसहा जणांनी विमान चाळलं. रडरच्या जोडात एक कॉटर पिन (जोड सुटू नये म्हणून घालायची) नव्हती. एक लॉकनट हातानं फिरत होतं. टाकीतून इंजिनपर्यंत इंधन किती वेगानं येतं ते बादलीत मोजलं. पंपावर चालणाऱ्या इंजिनाला पूर्ण ताकदीला लागतं त्याच्या सव्वापट यायला हवं, आलं. एवढ्यावर उड्डाण आठवडाभर पुढे गेलं आणि मास्तर कुणावर चिडले नाहीत.

त्या सकाळी कुणाला बोलावलं नव्हतं. गर्दी असली की पायलटला 'आज नको' म्हणणं जड जातं, म्हणून तसा रिवाजच आहे. रेडिओ ऐकायला एक, अग्निशामक घेऊन एक, आणि वेळ लिहायला मी. मास्तर एकटेच बसले. चाचणीच्या तासांत प्रवासी नेता येत नाही. इंजिन आणि पुढचा पंखा (प्रोपेलर) मान्यताप्राप्त जोडीचे असतील तर हे तास सहसा २५, नसतील तर ४०, तेही ठरवून दिलेल्या भागावरच. आमच्याकडे तो भाग म्हणजे नुसता मका. विमान सरळ वर गेलं, विमानतळावर घिरट्या घालत राहिलं आणि अर्ध्या तासात उतरलं. पंखा थांबला. मास्तर बेल्ट सोडवत काहीतरी सांगू लागले, डावा पंख थोडा जड वाटतो असं काहीसं. तोवर आजोबांनी इंजिनवरचं झाकण उघडून, हातात टॉर्च घेऊन, आत डोकं घातलं होतं.

"तेल कुठून येतंय हे?" आतून आवाज आला.