विमानांच्या लढाईचा खेळ घ्यावा का?

तुम्ही विचारलंत म्हणून. ठाण्यात बोर्डगेम खेळणाऱ्या आम्हा मंडळींना हा प्रश्न वरचेवर येतो: ‘विंग्ज ऑफ ग्लोरी’ हा पहिल्या महायुद्धातल्या विमानांचा खेळ कसा आहे, आणि कुठे कमी पडतो? चार भिडू जमत असतील तर बेलाशक घ्या. दोघंच असाल तर घेण्याआधी पुढचं वाचा.

आंद्रेआ अँजिओलिनो आणि पिएर जॉर्जो पाल्या या इटालियन जोडीने केलेला हा खेळ २००४ मध्ये ‘विंग्ज ऑफ वॉर’ नावाने आला. आता तो अरेस गेम्सकडून नव्या नावाने मिळतो. त्याचा सगळा जीव तीन पालथ्या पानांत आहे. प्रत्येक विमानाचा स्वतःचा पत्त्यांचा कॅट असतो आणि पानापानावर एकेक चाल बाणाने काढलेली असते: सरळ जाणं, हलकं वळण, तीव्र वळण, बाजूला सरकणं, वेग मोडणं. फेरीच्या सुरुवातीला सगळ्यांनी तीन पानं निवडून क्रमाने पालथी ठेवायची. मग पहिलं पान एकदम उलटायचं, ते विमानाच्या छोट्या प्रतिकृतीखालच्या तळपट्टीपुढे टेकवायचं आणि बाणाच्या टोकाशी जुळेल अशी तळपट्टी पुढे न्यायची. लगेच गोळीबार. मग दुसरं पान, मग तिसरं.

यात फासा नाही, हिशेब नाही. आठ-नऊ वर्षांचं मूलही एका डावात शिकतं. पण नीट खेळायचं तर समोरचा आत्ता कुठे आहे हे बघून भागत नाही, तिसऱ्या पानाअखेर तो कुठे असेल हे ओळखावं लागतं. नवे भिडू नेमके इथेच चुकतात. शत्रू दिसतो त्या जागेवर रोख धरतात आणि दोन चालींनंतर रिकाम्या आकाशात पोचतात. ओळखायला एक आधार आहे. तीव्र चालीची पानं लागोपाठ खेळता येत नाहीत, आणि इमेलमनच्या, म्हणजे जागच्या जागी उलट फिरण्याच्या पानाआधी व नंतर सरळ जाणारं पान लावावंच लागतं. हे बंधन एका फेरीतून दुसऱ्या फेरीतही चालू राहतं. म्हणजे ज्याने शेवटचं पान तीव्र वळणाचं खेळलं, त्याचं पुढचं पान तुम्हाला अर्धं कळलेलंच असतं. हे ध्यानात ठेवणारा भिडू आणि न ठेवणारा भिडू यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

गोळीबार पट्टीने मोजतात. गोळीबाराच्या कोनाच्या टोकाशी असलेल्या ठिपक्यापासून समोरच्याच्या तळपट्टीपर्यंत पट्टी पोचली की त्याने नुकसानीचं एक पान ओढायचं. अर्ध्या पट्टीच्या आत असेल तर दोन. दोन मशीनगनवाल्यांसाठी ‘ए’ कॅट, एकवाल्यांसाठी ‘बी’. पानावर लिहिलेले नुकसानीचे किती गुण गेले हे ज्याचं त्यालाच माहीत, त्यामुळे समोरचं विमान धडधाकट आहे की मरणपंथाला लागलंय याचा पत्ता लागत नाही. ही फार सुंदर योजना आहे. काही पानांवर गुणांपलीकडचंही असतं: सुकाणू अडकलं तर पुढच्या फेरीत एका बाजूला वळता येत नाही, इंजिनाला मार बसला तर दर फेरीत वेग मोडण्याचं पान लावावं लागतं.

आता उणिवा. सगळ्यात मोठी म्हणजे आकाश सपाट आहे. खऱ्या लढाईत उंची हेच भांडवल होतं. वरून, सूर्य पाठीशी घेऊन झडप घालणारा जिंकायचा. स्पॅड १३ या लढाऊ विमानाची खरी ताकद वेगाने खाली सूर मारण्यात होती. सपाट टेबलावर त्याच्या वाट्याला नुसती लांब सरळ चाल येते आणि छोट्या जागेत गर्रकन वळणारं फोकर डीआर १ आहे त्याहून भारी वाटतं. उंचीचे ऐच्छिक नियम आहेत: प्रत्येक पायरीला विमानाखाली एक खुंटी वाढवायची, चढण्यासाठी टोकन साठवायची. पण विमानं चार झाली की वेळ खुंट्या बदलण्यातच जातो, आणि उंच खुंटीवरचं विमान हाताच्या धक्क्याने आडवं होतं. आमचं मत असं की पहिले पाच-सहा डाव उंचीशिवायच खेळा.

दुसरी उणीव नशिबाची. नुकसानीच्या कॅटमध्ये स्फोटाचं पान आहे. ते निघालं की विमान तिथल्या तिथे खलास. पहिल्याच गोळीबारात मूल बाद झालं तर ते पुन्हा खेळायला बसत नाही; नव्यांबरोबर खेळताना हे पान सरळ बाजूला काढा. मोठ्यांच्या डावात मात्र राहू द्या, त्या भीतीनेच पाठलाग रंगतो.

तिसरी, आणि दोघांच्या डावाला मारक ठरणारी: दोन सारखी विमानं एकमेकांच्या शेपटीमागे गोल गोल फिरत राहतात, गोळी कुणालाच झाडता येत नाही. नियम वाढवून हे सुटत नाही. काम द्या. एकाकडे मागे गनर असलेलं दोन आसनी विमान आणि सोबत एक लढाऊ. त्याने टेबलाच्या मध्यावरच्या खुणेवरून फोटो काढून आपल्या कडेला परतायचं. दुसऱ्याकडे दोन लढाऊ. आता कुणालाच चकरा मारत बसणं परवडत नाही.

चाल करताना तळपट्टी जागेवरून सरकणं हा भांडणाचा विषय. दर चालीला तळपट्टी दोन-तीन मिलिमीटर सरकली तर तीन फेऱ्यांत विमान भलत्याच कोनात जातं. काचेच्या डायनिंग टेबलावर खेळू नका. जांभळी नाक्याच्या बाजारातून निळं फेल्टचं कापड आणा, किंवा जाड सतरंजी पसरा. एकाने तळपट्टी दोन बोटांनी दाबावी, दुसऱ्याने पान टेकवावं. चालीच्या पानांना प्लास्टिकची पाकिटं घालू नका: पाकिटाची कड पानाबाहेर येते आणि तेवढी चाल दरवेळी लांबते. पाकिटं फक्त नुकसानीच्या पानांना, कारण तीच सतत पिसली जातात.

ठाण्यात मेमध्ये पंखा बंद ठेवून खेळणं अशक्य, आणि पंख्याखाली पानं उडतात. पालथ्या तीन पानांवर कॅरमची एक सोंगटी ठेवा. पावसाळ्यात पानं वळतात, म्हणून डबा हवाबंद घ्या आणि सिलिका जेलच्या पुड्या टाका. १:१४४ मापाच्या या विमानांच्या पंखांमधले दांडे काडीसारखे असतात. पंख धरून उचललं की तुटतात, तळपट्टीच धरा.

चौघांना मीटरभर लांब, ७० सेंटिमीटर रुंद जागा किमान हवी. याहून कमी असली की विमानं कडेबाहेर जातात, आणि कडेबाहेर गेलेला बाद. सहा-आठ जण असाल तर सोसायटीच्या क्लबहाउसमधलं टेबल टेनिसचं टेबल जाळी काढून वापरा, नऊ फूट बाय पाच फूट मिळतात.

खरेदीत एक गफलत नेहमी होते. रूल्स अँड ॲक्सेसरीज पॅकमध्ये विमानं नसतात. सुरुवातीला दोन विमानांचा ड्युएल पॅक घ्या आणि त्यात विमानं वाढवत जा. चालींचा कॅट ज्या त्या विमानाबरोबरच येतो.

आणि एक लढत नक्की मांडा. कोलकात्यात जन्मलेल्या इंद्रलाल रॉय यांनी ब्रिटिश हवाई दलाच्या ४० स्क्वाड्रनमध्ये एसई ५ए विमान उडवत जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत १० विजय मिळवले. २२ जुलैला जर्मन फोकर डी ७ विमानांशी झालेल्या झुंजीत ते मारले गेले, तेव्हा ते १९ वर्षांचे होते. एका बाजूला दोन एसई ५ए, दुसऱ्या बाजूला तीन डी ७. एसई ५एवाल्यांनी सहा फेऱ्यांनंतर निदान एक विमान आपल्या कडेने परत न्यायचं. मुलांना रॉय यांचं विमान द्या, आणि स्फोटाचं पान आधीच काढून ठेवा.