ल बूर्जेचा बिनपंखी गोलियाथ

आधी माझी चूक सांगून टाकतो, म्हणजे तुमची एक फेरी वाचेल. पॅरिसजवळच्या ल बूर्जेचं विमान संग्रहालय सोमवारी बंद असतं. मी सोमवारीच गेलो. लेक ऑफिसला निघताना म्हणाली होती, "बाबा, उघडं आहे का तेवढं बघून घ्या," आणि मी नेहमीसारखं हो हो केलं. बंद दारासमोर उभा राहून कुंपणावरून डोकावणारं आरियान रॉकेट पाहिलं, डब्यातले दोन ठेपले खाल्ले आणि आल्या पावली परतलो. बुधवारी पुन्हा गेलो.

ल बूर्जे पॅरिसच्या ईशान्येला. जायला दोन वाटा आहेत. आरईआर बी या लोकलने ल बूर्जे स्टेशनला उतरायचं आणि तिथून १५२ नंबरची बस पकडायची. नाहीतर मेट्रोच्या ७ नंबर लाइनने पोर्त द ला व्हिलेतला जायचं आणि तिथून तीच १५२. दुसरी वाट वेळखाऊ, पण माझ्या वयाच्या माणसाला बरी. बस तिथूनच सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळते, आणि संग्रहालयाचा स्वतःचा स्टॉप आहे. आरईआरने जाणार असाल तर फलकावर ल बूर्जेचं नाव आहे ना ते पाहूनच चढा. शार्ल द गोल विमानतळाकडे जाणाऱ्या काही गाड्या जलद असतात, त्या हे स्टेशन सोडून सुसाट पुढे जातात. आणखी एक: २०२५ पासून पॅरिसमध्ये मेट्रोचं तिकीट वेगळं आणि बसचं वेगळं. मेट्रोचं तिकीट बसमध्ये चालत नाही. दिवसभराचा पास काढलात तर ही कटकट राहत नाही.

बहुतेक लोक तिथे काँकॉर्ड हे आवाजाहून वेगवान प्रवासी विमान पाहायला जातात. दोन आहेत, त्यातलं एक पहिलंवहिलं नमुना विमान. बोइंग ७४७ च्या आतही शिरता येतं. पण मी गेलो होतो फार्मान गोलियाथ या जुन्या फ्रेंच विमानासाठी. माझी सगळी नोकरी एसटीच्या दापोडी कार्यशाळेत गेली, बसच्या बॉडी बांधण्यात. म्हणूनच एका वर्कशॉपने युद्धासाठी आखलेलं धड खुर्च्या टाकून प्रवाशांसाठी वळवलं, ही गोष्ट ऐकल्यापासून ते धड डोळ्यांनी पाहायचं होतं.

गोष्ट अशी. १९१८ साली फार्मान बंधूंच्या कारखान्यात एका अवजड बॉम्बफेकी विमानाचं काम चालू होतं. हजार किलो बॉम्ब घेऊन दीड हजार किलोमीटर जावं, असा हिशोब. दोन इंजिनं, एकावर एक असे दोन पंख, आणि नाव गोलियाथ, म्हणजे मराठी बायबलातला धिप्पाड योद्धा गल्याथ. नमुना पुरा व्हायच्या आत ११ नोव्हेंबरला युद्ध थांबलं. आता बॉम्बफेकी विमान घेणार कोण? पण फार्मानच्या लक्षात आलं की आपलं धड म्हणजे चांगला ऐसपैस, सरळ भिंतींचा डबा आहे. बॉम्ब वगळले, मोठाल्या खिडक्या बसवल्या, बारा-चौदा माणसांची सोय केली. १९१९ च्या सुरुवातीला ते उडालं तेव्हा प्रवासी विमान झालेलं होतं.

दालनात ते मला पटकन सापडलं नाही. इथे वस्तू अधूनमधून हलवतात, म्हणून तुम्हाला नेमकी जागा सांगत बसत नाही. दारावरच्या माणसाला "फार्मान गोलियाथ?" एवढं विचारा, तो हाताने दिशा दाखवतो. फ्रेंच यावं लागत नाही.

समोर आलं आणि मी हसलो. अहो, हा तर आपला लाल डबा! पंख नाहीत. इंजिनं खालच्या पंखावर बसवलेली असायची, त्यामुळे तीही नाहीत. उरलं आहे ते धड. उभ्या सपाट बाजू, ओळीने खिडक्या, आणि पुढे फुगीर, खिडक्याखिडक्यांचं नाक. विमान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मासा येतो. हे खोकं आहे. ज्याने बॉडी बांधली आहे त्याला त्यातलं शहाणपण लगेच कळतं. गोल धडात खुर्ची भिंतीला लागत नाही आणि डोकं छताला लागतं. चौकोनी धडात माणूस सरळ उभा राहतो. लाकडी सांगाडा सरळ असला की खिडकीची चौकट कुठेही कापा, जोडकाम सोपं.

आतली मांडणी तर ऐकण्यासारखी आहे. प्रवाशांचे दोन कप्पे, एक नाकात आणि एक मागे. मधोमध, उंचावर, उघड्यावर वैमानिक. म्हणजे पुढच्या कप्प्यातले चौघं चालकाच्याही पुढे बसायचे. बॉम्ब टाकणाऱ्याला खालची जमीन नीट दिसावी म्हणून जी जागा, तिथे आता तिकीट काढलेला माणूस निवांत पाय पसरून बसलेला, आणि चालवणारा बिचारा डोक्यावर वारा-पाऊस झेलतोय. आमच्याकडे असं ड्रॉइंग कुणी पुढे केलं असतं तर साहेबाने फाइल फेकून मारली असती.

मूळ विमानाची लांबी १४.३ मीटर आणि पंखांचा पसारा २६.५ मीटर. ते पंख नाहीत म्हणून मी दालनात पावलं मोजली. पस्तीस झाली. दोन एसटी एकामागे एक लावल्या तरी पंख बाहेर उरतील. आणि एवढं धूड ओढायला सालमसॉन कंपनीची दोन इंजिनं, प्रत्येकी २६० अश्वशक्तीची. ताशी सव्वाशेच्या आसपास वेग. आपल्या द्रुतगती मार्गावर याहून जोरात हाणणारे रोज दिसतात.

८ फेब्रुवारी १९१९ ला ल्युसियाँ बोसुत्रो हा वैमानिक बारा जणांना घेऊन पॅरिसजवळच्या तुसू-ल-नोब्लहून लंडनजवळच्या केन्लीला गेला. नागरी विमानवाहतुकीला तेव्हा परवानगीच नव्हती, म्हणून प्रवासी निवडले ते सैन्यातले, अंगावर गणवेश आणि खिशात सरकारी कामाचा कागद. कायद्यातून वाट काढायची ही तऱ्हा काही आपल्याकडचीच नाही. मार्चमध्ये पॅरिस-ब्रुसेल्स फेऱ्या सुरू झाल्या. पुढे अशी साठेक विमानं बांधली गेली, आणि गंमत म्हणजे नंतर फ्रान्सच्या नौदलाने आणि वायुदलाने त्याच गोलियाथची बॉम्बफेकी रूपं मागवली. डबा फिरून मूळ धंद्यावर आला.

एक दुखरी आठवणही या विमानाशी जोडलेली आहे. ७ एप्रिल १९२२ ला ल बूर्जेहून लंडनकडे निघालेलं गोलियाथ आणि समोरून येणारं एक ब्रिटिश विमान उत्तर फ्रान्सच्या पिकार्दी भागात धुक्यात एकमेकांवर आदळली. दोन्हीतले मिळून सातजण गेले. दोन प्रवासी विमानांची आकाशातली ही पहिली टक्कर. तेव्हा वैमानिक खालचा रस्ता पाहून जायचे, आणि दोघांनी एकच रस्ता धरला होता. त्यानंतर आपापल्या उजव्या बाजूने जायचं ठरलं.

आता बाकीच्या सूचना. निदान चार तास ठेवा. उन्हाळ्यात सहापर्यंत आणि हिवाळ्यात पाचपर्यंत उघडं असतं. काँकॉर्ड आणि ७४७ च्या आत जायचं असेल तर कोणत्या तिकिटात काय मोडतं ते संकेतस्थळावर आधी पाहा. विषम वर्षांत जूनमध्ये इथेच पॅरिसचा मोठा एअर शो भरतो, त्या दिवसांत नेहमीची सहल आखू नका. पटांगणात वारा सणसणीत लागतो, कानटोपी असू द्या. अमेरिकन वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग १९२७ साली अटलांटिक ओलांडून उतरला तो विमानतळ हाच. त्याच्या तेरा दिवस आधी नुंजेसेर आणि कोली हे दोन फ्रेंच वैमानिक इथून न्यूयॉर्ककडे निघाले आणि हरवले. उडाल्यावर वजन कमी करायला त्यांनी टाकून दिलेली चाकं संग्रहालयात आहेत. ती चुकवू नका. इमारतही पाहण्याजोगी आहे, १९३७ चं जुनं टर्मिनल. दुसऱ्या दिवशी सवड असेल तर पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत जेआरडी टाटांची समाधी आहे. आम्ही फुलं घेऊन गेलो होतो.

संध्याकाळी गोलियाथचा फोटो दापोडीच्या जुन्या सोबत्याला पाठवला. खाली लिहिलं, "१९१९ चं विमान. पंख गेले, डबा शाबूत." त्याचं उत्तर दोन मिनिटांत आलं: "पंख नाहीत ना? मग पासिंगला आरटीओकडेच आण."