लॉटरी लागली, पण आठवीपर्यंतच

आज आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंबरोबर आरटीईच्या (शिक्षण हक्क कायदा, त्यात खाजगी शाळांतल्या २५ टक्के जागा गरीब-वंचित मुलांना मोफत) कागदपत्र पडताळणीला गेले होते. त्यांच्या मुलाचा लॉटरीत पहिलीसाठी नंबर लागलाय. रांगेत सगळ्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशव्या, आत जन्मदाखला, भाडेकरार, उत्पन्नाचा दाखला. हे उत्पन्न वर्षाला एक लाखाच्या आत हवं! पुण्यात नवरा-बायको दोघं राबतात, तर एक लाखात कोण बसतं हो? (दाखले बसतात, माणसं नाही.)

तरी ही रांग उरली हेच खूप. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियमच बदलला होता: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी विनाअनुदानित शाळेला या २५ टक्के जागांतून सूट. म्हणजे शहरात जवळजवळ सगळ्यांनाच. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. मला विचाराल तर श्रीमंत-गरिबाची मुलं एका बाकावर बसण्याची ही एकच फट आहे आपल्याकडे, तीसुद्धा चिठ्ठी काढून.

परतताना ताईंनी विचारलं, "नववीला फी कोण भरणार, ताई?" कायदा आठवीपर्यंतच. म्हटलं, तोवर आठ वर्षं आहेत. त्या म्हणाल्या, "भिशी आत्ताच लावते मग."