तिसऱ्या गाण्यातला घुमारा

रविवार, रात्री उशिरा

काल तिसऱ्या गाण्याला गिटार घुमली. गाणं 'ए'च्या पट्टीतलं. सुरुवातीला मोकळी पाचवी तार छेडायची, ती तशीच वाजू द्यायची आणि तिच्यावर गायला लागायचं. तार छेडली आणि सूर विरायच्या ऐवजी फुगत गेला. क्षणभर छान वाटलं, इतकी लांब आस कधी मिळते! मग गिटारची पाठ पोटावर थरथरायला लागली आणि हात आपोआप तारांवर पडला. दोन-तीन सेकंदांचा प्रकार. समोरच्या बऱ्याच जणांना कळलंही नसेल. ड्रमरला कळलं, त्यानं मान वर करून पाहिलं. पण त्यानंतरचा सगळा कार्यक्रम मी ती तार भीत भीत वाजवली, आणि भीत वाजवलेलं मला सोसत नाही. म्हणून आज दिवसभर हेच एक काम.

सकाळी अ‍ॅम्प न लावता गिटार मांडीवर घेतली, साउंडहोलजवळ, म्हणजे वरच्या फळीतल्या गोल भोकाजवळ, तोंड नेलं आणि खर्जातून हळूहळू वर सरकत हुंकार देत गेलो. एका सुराला ती बोलते. इतर सुरांना नुसतं ऐकून घेते, या एकाला आतून उत्तर येतं, पाठीची फळी हलते. ट्यूनरवर पाहिलं तर जी शार्पच्या किंचित वर, १०५ हर्ट्झच्या जवळपास. मोकळी पाचवी तार, म्हणजे 'ए', ११० हर्ट्झची. अगदी सख्खे शेजारी. मोठ्या अंगाच्या बहुतेक अकूस्टिक गिटारींच्या पोटातली हवा १०० हर्ट्झच्या आसपासच घुमते, त्यामुळे ही काही माझ्या गिटारची खोड नाही.

हे समजल्यावर थोडा वेळ नुसता बसून राहिलो. कारण ही गिटार मी घेतली ती याच सुरापायी. खोलीत एकट्यानं वाजवताना खालच्या पट्टीतला जो भरदारपणा छातीला लागतो, तो इथूनच येतो. वरची फळी स्प्रूस लाकडाची, जेमतेम तीन मिलिमीटर जाड, बारीकशा धक्क्यानंही हलावी म्हणूनच इतकी पातळ केलेली. तिला काय माहीत की हलवणारा माझा अंगठा आहे की मागच्या अ‍ॅम्पमधून परत आलेला तिचाच आवाज? फळी हलते, पिकअप, म्हणजे थरथरीचं विजेत रूपांतर करणारा भाग, ते उचलतो, अ‍ॅम्प मोठं करतो, ते पुन्हा फळीवर येऊन आदळतं. जे घरी तिचं मोठेपण, तेच स्टेजवर तिच्या आड येतं.

यावर एक जुना उपाय म्हणजे फळीच मुकी करायची. १९५४ साली गिब्सननं जे-१६०ई काढली, पिकअप बसवलेली, आणि घुमू नये म्हणून तिची वरची फळी प्लायची केली. जॉन लेननकडे होती ती हीच. १९६४ मध्ये बीटल्सनी असाच घुमारा मुद्दाम एका गाण्याच्या सुरुवातीला ठेवला, आणि तोही 'ए'वरच. पण मला प्लायची फळी नको. पातळ अंगाची दुसरी गिटार घे, असंही मित्र सांगतात. स्टेजसाठी ते बरोबर असेल, पण मग घरी जे वाजवतो तेच लोकांसमोर नेतो, असं मला म्हणता येणार नाही.

दुपारी अ‍ॅम्प कालच्याच आवाजावर ठेवला. तो पाठीमागे असताना पाचवी तार लगेच फुगली. दोन पावलं बाजूला सरकलो, फुगणं थांबलं. आणखी सरकलो, पुन्हा सुरू. या सुराची एक लाट सव्वातीन मीटरची. म्हणजे दीड-पावणेदोन मीटर सरकलं की परत येणारा आवाज फळीला ढकलायच्या ऐवजी अडवायला लागतो. आवाजाची लाट उलटी करणारं फेजचं बटण जागेवर उभ्या उभ्या हेच करतं. इतकी वर्षं ते बटण मी अंदाजानं दाबत आलो, आज पहिल्यांदा ते पायांनी समजलं.

काल घुमल्यावर साउंडवाल्यानं घाईत बेसच खाली ओढला. त्याची चूक म्हणत नाही, चालू गाण्यात दुसरं काय करणार. पण त्यानं खालचा सगळा भागच गेला आणि उरला तो पिएझोचा आवाज. हा पिकअप सॅडलखाली, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीखाली, तारेचा दाब तेवढा मोजतो, लाकडाभोवतीची हवा त्याला कळत नाही, म्हणून नखं पत्र्यावर वाजल्यासारखा टणत्कार येतो. माइक लावला तर हवा मिळते, पण शेजारचे ड्रमही त्यात शिरतात. आज नॉच, म्हणजे एका सुराभोवतीचा आवाज कापणारा फिल्टर, १०५वर आणून शक्य तितका अरुंद केला. एवढीशी चिमूट काढली की बाकीचा खर्ज शाबूत राहतो. साउंडहोलला रबरी झाकण लावलं, अ‍ॅम्प पाठीमागून काढून डाव्या बाजूला तिरका ठेवला. आता तार फुगत नाही. आवाज घरच्यासारखा नाही, पण जवळचा आहे. नॉचची जागा चिकटपट्टीवर लिहून अ‍ॅम्पला लावली. नऊ व्होल्टची बॅटरीही बदलली, काल रात्री केबल जॅकमध्येच राहिली होती, त्यामुळे गिटारमधला बॅटरीवरचा प्रीअ‍ॅम्प सकाळपर्यंत चालू.

कीबोर्डवाल्याचा संध्याकाळी फोन आला. म्हणाला, गाणं दोन पट्ट्या वर घेऊ, 'बी'मध्ये, म्हणजे ती तार मोकळी लागणारच नाही. चांगल्या मनानं म्हणाला. पण दुसऱ्या ओळीतला तो खालचा शब्द माझ्या गळ्यात 'ए'मध्येच बसतो, आणि त्याच्याखाली ती तार वाजत असावी लागते. त्याला तसं सांगितलं.

आत्ता झाकण काढलं आहे, अ‍ॅम्प बंद आहे. पाचवी तार एकदा छेडली आणि पूर्ण विरेपर्यंत ऐकली. शनिवारी गाणं तिसरंच राहील, 'ए'मध्येच.